बँडसॉचं ब्लेड कापणं आणि जोडणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं फिरणाऱ्या दातेरी ब्लेडची करवत. भोसरीतल्या एका टूलरूममध्ये (साचे आणि डाय बनवायच्या विभागात) मी तिचं ब्लेड जोडायचं काम शिकलो. आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. आजूबाजूच्या गाळ्यांतली मुलं तुटलेलं ब्लेड घेऊन येतात आणि तेच ते प्रश्न विचारतात. ती उत्तरं इथे लिहून ठेवतोय. बहुतेकांना वाटतं की दोन टोकं चिकटली म्हणजे ब्लेड जोडलं गेलं. माझ्या मते खरं काम त्यानंतर सुरू होतं, म्हणून खाली त्याच भागावर सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

कॉइल (न जोडलेल्या ब्लेडची लांब गुंडाळी) आणून स्वतः ब्लेड जोडणं परवडतं का?

महिन्याला एखाद-दुसरं ब्लेड लागत असेल तर तयार जोडलेलं घ्या. वेल्डर (टोकं तापवून जोडणारं मशीन) आणायचा, हात बसवायचा आणि त्या नादात कॉइल वाया घालवायची, हे थोड्या कामासाठी परवडत नाही. पण दोन-तीन वेगवेगळ्या लांबीच्या मशिनी असतील, किंवा प्रेस टूल आणि डायचं (पत्रा कापायच्या-दाबायच्या साच्यांचं) काम असेल, तर स्वतःचा वेल्डर हवाच. डायमध्ये आतून कापायचं असेल तर बाहेरून जोडून आणलेलं ब्लेड उपयोगाचं नाही. ते का, हे पुढे सांगतो.

ब्लेडची लांबी कशी काढायची?

जुनं ब्लेड असेल तर ते तोडून जमिनीवर सरळ ठेवा आणि टेपने मोजा. नसेल तर दोन्ही चाकं सारख्या व्यासाची आहेत असं धरून सोपा हिशेब आहे : चाकांच्या मध्यांमधल्या अंतराची दुप्पट, अधिक चाकाचा व्यास गुणिले ३.१४१६. समजा चाकं ४०० मिलिमीटरची आहेत आणि त्यांच्या मध्यांमधलं अंतर १०७० आहे. मग २१४० अधिक १२५७, म्हणजे ३३९७ मिलिमीटर.

मोजण्याआधी टेन्शनचा स्क्रू पूर्ण ढिला किंवा पूर्ण ताणलेला नाही ना, ते बघा. ढिल्या टोकापासून थोडा पुढे आणून मग मोजा. नाहीतर ब्लेड चाकावर चढतं, पण ताणायला जागा उरत नाही.

वेल्डिंगमध्ये किती लांबी जाते?

टोकं वितळून एकमेकांत दाबली जातात, म्हणून थोडी लांबी जातेच. काही वेल्डरवर जवळजवळ ६ मिलिमीटर जातात, काहींवर बरेच कमी. आपल्या मशिनीचा आकडा स्वतः काढा. ब्लेडचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाच्या टोकापासून ५० मिलिमीटरवर सुईने रेघ मारा आणि जोडा. जोडल्यावर दोन रेघांमधलं अंतर १०० पेक्षा जितकं कमी भरेल, तितकी लांबी गेली. तो आकडा मशिनीवरच पेंटने लिहून ठेवा. आमच्याकडे तो लिहिलेला आहे आणि नवा मुलगा आला तरी विचारायची वेळ येत नाही.

याचा दातांशीही संबंध आहे. ४ टीपीआयच्या (म्हणजे इंचाला ४ दातांच्या) ब्लेडला दोन दातांमधलं अंतर ६.३५ मिलिमीटर असतं. म्हणजे ६ मिलिमीटर जाणार असतील तर साधारण एक दात जातो. जोडानंतर अंतर बाकीच्या दातांइतकंच यायला हवं, म्हणून आधी हिशेब करून दोन दातांमधल्या खाचेत कापा. ४/६ सारख्या व्हेरिएबल पिचमध्ये (दातांमधलं अंतर कमी-जास्त असतं, इंचाला ४ ते ६ दात) अंतर तंतोतंत जुळत नाही. तिथे जोड खाचेत येईल एवढं बघा आणि कुठला दात इतरांपेक्षा वर राहणार नाही याची काळजी घ्या.

कापायचं कशाने?

वेल्डरवरच्या कातरीने. पत्रा कापायच्या हातकातरीने टोक मुरडतं आणि बायमेटलचा (दोन प्रकारच्या पोलादांच्या ब्लेडचा) दात तडकतो. कातर नसेल तर पातळ कटिंग व्हीलने कापा, पण टोक निळं पडू देऊ नका. पडलंच तर तेवढा भाग घासून काढा.

टोकं काटकोनात येत नाहीत. काय करू?

दहातले निम्मे वाईट जोड इथेच बिघडतात. टोकं तिरकी असली की एका कडेला आधी स्पर्श होतो, तिथूनच करंट जातो, ती कडा वितळून वाहून जाते आणि दुसरी कडा कोमट राहते. वरून जोड दिसतो, आत अर्धाच असतो.

आमच्या फोरमन काकांनी एक युक्ती दाखवली होती, ती अजून वापरतो. ब्लेडचं एक टोक पीळ देऊन उलटं करा, म्हणजे एका टोकाचे दात वर आणि दुसऱ्याचे खाली येतील. मग दोन्ही टोकं एकावर एक ठेवून, चिमटीत घट्ट धरून, ग्राइंडरवर एकदमच घासा. हात थोडा तिरका असला तरी चालतो. पीळ सोडून टोकं समोरासमोर आणली की एकाचा तिरपेपणा दुसऱ्यात बरोबर बसतो, मध्ये उजेडाची फट राहत नाही. दोघांचे दात एकाच बाजूला ठेवून घासलं तर उलट होतं : चूक दुप्पट होते आणि टोकांमध्ये पाचर पडते. मी पहिल्यांदा असंच केलं होतं. काकांनी काही न बोलता ब्लेड ट्यूबलाइटसमोर धरलं आणि मला ती फट दाखवली.

घासून झाल्यावर टोकापासून बोटभर लांबीपर्यंतचं तेल, गंज आणि रंग दोन्ही बाजूंनी पुसून काढा. वेल्डरच्या जबड्यातून, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या पकडीतून, करंट याच जागेतून ब्लेडमध्ये जातो. तेलकट जागी ठिणगी उडते आणि जबड्याच्या तोंडावर खड्डा पडतो.

वेल्डरमध्ये ब्लेड लावायचं कसं?

ब्लेडची पाठ जबड्यामागच्या आधाराला टेकवा, दात आपल्याकडे. दोन्ही टोकं जबड्यांच्या बरोबर मध्यभागी एकमेकांना जेमतेम टेकलेली हवीत, एकमेकांवर चढलेली नकोत. आधी जबडे ब्रशने झाडा. किसाचा एक बारीक कणही खाली अडकला तर एक टोक वर राहतं आणि जोडाला पायरी येते.

दाबाचा खटका ब्लेडच्या रुंदीप्रमाणे ठेवा. पॅनेलवर खुणा असतात, त्यांच्यापासून सुरुवात करा आणि भंगारातल्या तुकड्यावर एक जोड मारून बघा. नवी कॉइल उघडली की मी दर वेळी असा एक चाचणीचा जोड मारतो.

बटण दाबल्यावर नक्की काय होतं?

ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला व्होल्टेज अगदी थोडं असतं, पण करंट प्रचंड. दोन टोकं जिथे भेटतात तिथे विरोध सगळ्यात जास्त, म्हणून उष्णता तिथेच तयार होते. टोकं पांढरीफटक तापतात, स्प्रिंग सरकता जबडा पुढे ढकलतो, वितळलेला मळ बाहेर पडतो आणि स्वच्छ धातू एकमेकांत दाबला जातो. ठरलेल्या जागी लिमिट स्विच करंट तोडतो. सगळं मिळून एक-दोन सेकंदांचं काम.

जोड झाला की खटका सोडायच्या आधी सरकत्या जबड्याची पकड ढिली करा. आधी खटका सोडला तर जबडा मागे ओढला जातो आणि लाल असलेला जोड तिथेच ताणला जातो. बारीक चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाही, पण दुसऱ्या दिवशी ब्लेड तिथेच तुटतं.

सकाळी जोड चांगले येतात, दुपारनंतर बिघडतात. असं का?

व्होल्टेज तपासा. शेजारच्या गाळ्यात मोठ्या मोटारी सुरू झाल्या की लाइन खाली येते आणि त्याच सेटिंगवर टोकं पुरेशी तापत नाहीत. वेल्डरला वेगळी जाड केबल द्या, एक्स्टेंशन बोर्डावर चालवू नका. अर्थिंगही एकदा बघून घ्या.

जोड लागला, पण वाकवताच काचेसारखा तुटला. वेल्डर खराब आहे का?

नाही. पाणी उतरवायचं राहिलं. (लोहार पोलादाला पाणी देतो म्हणतात त्यातलंच हे पाणी.) जोडाची जागा पांढरीफटक तापते आणि दोन्ही बाजूंचं थंड ब्लेड व गार जबडे ती उष्णता झपाट्याने ओढून घेतात. म्हणजे तुम्ही न देताच पोलादाला पाणी बसतं. जोड कडक होतो आणि ठिसूळही. त्या अवस्थेत ब्लेड वाकवायचं नाही, उचलून झटकायचं नाही, बाजूला ठेवून चहाला जायचं नाही. लगेच अ‍ॅनीलिंग करायचं, म्हणजे जोड पुन्हा हलका तापवून त्याचा कडकपणा उतरवायचा.

ते असं करा. जबडे अ‍ॅनीलिंगच्या जागेवर आणा, म्हणजे त्यांच्यातलं अंतर वाढतं आणि उष्णता जरा लांबवर पसरते. जोड मध्यभागी घ्या. स्प्रिंगचा दाब काढा आणि सरकत्या जबड्याला थोडी जागा द्या. तापल्यावर ब्लेड लांब होतं आणि जागा नसली तर कमान होऊन बसतं.

आता वरचा दिवा बंद करा, किंवा दुसऱ्या हाताने जोडावर सावली धरा. बटण दाबा, सोडा. पुन्हा दाबा, सोडा. आधी काही दिसत नाही. मग सावलीत जोडावर मंद, काळपट लाल रंग उमटतो, विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा. तिथे थांबा. भर उजेडात लाल दिसेपर्यंत तापवलं तर ते जास्त झालं. कार्बन ब्लेड असेल तर यानंतर एकदम सोडू नका. बटण थोडं थोडं आणि कमी कमी वेळ दाबत रंग हळूहळू उतरवा.

बायमेटलचं वेगळं आहे. त्याची पाठ स्प्रिंग स्टीलची आणि दातांची धार हायस्पीड स्टीलची असते. एम-४२ म्हणतात त्यात कोबाल्ट ८ टक्क्यांच्या आसपास असतो. हायस्पीड स्टील नुसत्या हवेतही कडक होतं. म्हणून एकदाच भरपूर तापवण्यापेक्षा मंद लाल रंगापर्यंत नेऊन थंड होऊ द्यायचं आणि असं दोन-तीनदा करायचं. कॉइलच्या खोक्यावर किंवा तक्त्यावर कंपनीने काही वेगळं सांगितलं असेल तर तेच करा.

अ‍ॅनीलिंग आधी की ग्राइंडिंग आधी?

अ‍ॅनीलिंग, मग ग्राइंडिंग, मग पुन्हा एकदा हलकं अ‍ॅनीलिंग. दुसरं अ‍ॅनीलिंग बरेच जण गाळतात. एका शनिवारी संध्याकाळी मीही गाळलं होतं. गाडी येऊन उभी होती आणि ईएन-८ या पोलादाचे १५० मिलिमीटरचे तुकडे द्यायचे होते. तिसऱ्या तुकड्यात ब्लेड जोडावर तुटलं आणि दरवाजावर आतून असं आदळलं की पत्र्याला पोचा पडला. दरवाजा बंद होता म्हणून कुणाला लागलं नाही. तो पोचा आम्ही अजून ठोकून काढलेला नाही.

ग्राइंडिंग करताना काय सांभाळायचं?

जोडातून बाहेर आलेला बर (वितळून गोठलेला उंचवटा) दोन्ही बाजूंनी काढायचा, पण ब्लेडची जाडी कमी करायची नाही. वेल्डरवर जाडीची गेज म्हणून एक खाच असते. जोड तिच्यातून अडखळल्याशिवाय सरकला पाहिजे. त्यापुढे एक फेरही मारू नका. ०.९ मिलिमीटरच्या ब्लेडमधून ०.१ गेला तर त्या जागेची ताकद नवव्या हिश्श्याने गेली.

ग्राइंडिंगच्या रेघा ब्लेडच्या लांबीच्या दिशेने हव्यात. आडव्या रेघा म्हणजे चिरेला आयतं बोट. ब्लेड जेव्हा चाकावर वाकतं, तेव्हा चीर तिथूनच सुरू होते. दातांना ग्राइंडरचं चाक लागू देऊ नका. आणि हलक्या हाताने घासा. जागा निळी पडली तर उतरवलेलं पाणी पुन्हा चढलं असं समजा.

पाठीकडचा बरही काढा. मग पाठीला पोलादी पट्टी लावून उजेडात बघा. जोडाच्या जागी टेकाड असेल तर प्रत्येक फेऱ्याला मागच्या बेअरिंगवर ठक-ठक आवाज येतो आणि त्याच धक्क्याने दात उडतात.

जोड पक्का आहे हे कसं ओळखायचं?

मशीनवर चढवायच्या आधी जोडाची जागा दोन्ही हातांनी साधारण चाकाच्या गोलाईइतकी वाकवा. कमान सगळीकडे सारखी आली पाहिजे. जोड सरळ राहून बाजूलाच वाकत असेल तर तो अजून कडक आहे. जोडावरच कोपरा पडून ब्लेड तसंच राहत असेल तर तो जास्त मऊ झाला आहे. मग बारीक कानस फिरवा. जोडावर आणि बाजूच्या पाठीवर ती सारखीच धरली पाहिजे. जोडावर घसरली तर पुन्हा पाणी उतरवा.

ब्लेड तुटतंय, पण कधी जोडावर, कधी जोडाच्या बाजूला, कधी भलतीकडेच. कारण कसं शोधायचं?

तुटलेलं टोक फेकू नका. सगळं तिथेच लिहिलेलं असतं.

तुटलेल्या तोंडात काळे-निळे डाग किंवा पोकळ जागा दिसली तर टोकं तिरकी होती किंवा दाब कमी पडला. तोंड जाड दाण्याचं, साखरेसारखं चमकत असेल तर जास्त तापलं किंवा पाणी उतरलं नाही. जोडापासून काही मिलिमीटरवर, उष्णता पोहोचली त्या हद्दीत तुटलं असेल तर अ‍ॅनीलिंग अरुंद पट्ट्यात झालं, पुढच्या वेळी जबडे आणखी लांब ठेवा.

जोडापासून दूर, दाताच्या खाचेतून चीर निघाली असेल तर जोडाला दोष देऊ नका. तो थकवा आहे. त्यासाठी एक हिशेब बघा. ३.४ मीटरचं ब्लेड मिनिटाला ६० मीटर वेगाने फिरतं, म्हणजे मिनिटाला साडेसतरा फेरे. प्रत्येक फेऱ्यात दोन चाकांवर दोनदा वाकणं. आठ तासांच्या पाळीत अंदाजे १७,००० वेळा! वाकण्याचा ताणही थोडाथोडका नसतो. ०.९ मिलिमीटरचं ब्लेड ४०० मिलिमीटरच्या चाकावर वाकलं की प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे ४६० न्यूटन ताण येतो, आणि ओढून बसवल्याचा ताण वेगळाच. तेच ब्लेड ३०० च्या चाकावर घातलं तर आकडा ६१५ वर जातो. म्हणून छोट्या मशीनला जाड ब्लेड घालून ते जास्त टिकेल अशी आशा धरू नये. तिथे ०.६५ जाडीचं घ्या.

पाठीकडून चीर निघाली असेल तर मागचं बेअरिंग अडकलं आहे किंवा फीड (ब्लेड कामात दाबत नेण्याचा वेग) फार आहे. गाइडचे (ब्लेडला सरळ धरणारे) हात कामापासून लांब ठेवले असतील तर ते जवळ आणा.

किती दातांचं ब्लेड घ्यायचं?

कापात कुठल्याही क्षणी कमीत कमी ३ दात हवेत, ६ ते १२ असतील तर उत्तम. पातळ पाइपला ४/६ लावलं की दात पाइपच्या कडेवर चढतात आणि सटासट उडतात, आणि लोक समजतात जोड वाईट होता.

नवीन जोडलेलं ब्लेड लगेच पूर्ण फीडवर चालवू का?

नको. नव्या दाताची धार फार तीक्ष्ण आणि नाजूक असते. वेग नेहमीचा ठेवा, फीड निम्म्यावर आणा. साधारण ३०० ते ६०० चौरस सेंटिमीटर काप होईपर्यंत तसंच चालवा, मग फीड हळूहळू वाढवा. जोडाचीही परीक्षा याच वेळात होते.

डायच्या आतून कापायचं म्हणजे काय?

टूलरूमच्या उभ्या बँडसॉच्या अंगावरच वेल्डर का बसवलेला असतो, त्याचं हे उत्तर. डाय प्लेटमध्ये मधला आकार काढायचा असतो, पण बाहेरची कड तोडायची नसते. आकाराच्या कोपऱ्यात ब्लेड जाईल एवढं भोक पाडतात, ६ किंवा १० मिलिमीटर रुंदीचं ब्लेड तोडून त्यातून ओवतात आणि प्लेट ब्लेडमध्ये असतानाच टोकं जोडतात. काप झाला की ब्लेड पुन्हा तोडायचं. एका डायला चार खिडक्या असतील तर चारदा तोडा, चारदा जोडा. हात बसायला यासारखं काम नाही. नव्या मुलाला मी पहिला महिना हेच देतो.

वेल्डर नाही. चांदीच्या सोल्डरने जोडलं तर चालेल?

अरुंद कार्बन ब्लेडला, विशेषतः लाकडाच्या कामात, छान चालतं. दोन्ही टोकं उतरती घासायची, म्हणजे एकावर एक ठेवल्यावर जाडी एकाच ब्लेडइतकी होते. पाठ सरळ ठेवून लोखंडी पट्टीवर दोन्ही बाजूंनी आवळा, फ्लक्स लावा, मध्ये सोल्डरचं पातळ पान ठेवा आणि तापवा. ५६ टक्के चांदीचं सोल्डर ६५० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, ब्लेड फार मऊ होत नाही. कॅडमियम नसलेलंच सोल्डर मागा. कॅडमियमचा धूर फुफ्फुसांना घातक आहे.

साध्या आर्क वेल्डिंगने मात्र जोडू नका. सॉ मिलमधल्या हातभर रुंद ब्लेडांचं तंत्र पूर्ण वेगळं आहे, ते इथे घेत नाही.

हा जोड आधीपासून असाच मारतात का?

बँडसॉची कल्पना जोडापेक्षा जुनी आहे. विल्यम न्यूबेरीला इंग्लंडमध्ये १८०९ साली पेटंट मिळालं, पण चाकांवर सतत वाकून ब्लेड किंवा त्याचा जोड तुटायचा, म्हणून मशीन प्रत्यक्षात चालेना. जवळजवळ चाळीस वर्षं अशी गेली. मग अ‍ॅन पॉलिन क्रेपां या फ्रेंच बाईंनी टिकाऊ जोडाची पद्धत काढली आणि १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तो हक्क पॅरिसच्या पेरां कंपनीने घेतला. म्हणजे मशीन जोडासाठी अडून बसलं होतं! आयटीआयच्या मुलांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण जोड मारणाऱ्याला वर्कशॉपमध्ये फारसं कुणी विचारत नाही.

कॉइल उघडताना भीती वाटते.

वाटू द्या. गुंडाळलेलं ब्लेड म्हणजे दाबलेली स्प्रिंग असते. तार कापताना चामड्याचे हातमोजे आणि चष्मा हवाच, तोंड बाजूला ठेवा आणि एक हात कॉइलवर घट्ट दाबून ठेवा. पण ग्राइंडरवर किंवा चालू ब्लेडजवळ मोजे काढा, ते आत ओढले जातात. वेल्डरजवळ तेलाच्या चिंध्या ठेवू नका.

ब्लेड चढवलं, पण दात उलट्या दिशेला आले. पुन्हा तोडू?

तोडू नका. जमिनीवर धरून आतली बाजू बाहेर काढा, दात सरळ येतात.

तुटलेलं ब्लेड परत जोडण्यात अर्थ आहे का?

दात चांगले असतील आणि तुटणं जोडाजवळचंच असेल तर आहे. आधी उरलेल्या खाचा तपासा. केरोसीन लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा आणि खडू घासा. जिथे चीर असेल तिथे खडूवर ओली रेघ उमटते. अशा दोन-तीन रेघा दिसल्या तर ते ब्लेड जोडू नका.

खराब भाग कापून लांबी कमी पडली तर मध्ये तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन जोड. तो तुकडा नव्या कॉइलमधला घेऊ नका. त्याचे दात जुन्या झिजलेल्या दातांपेक्षा उंच असतात, सगळा भार त्यांच्यावर येतो आणि पहिल्या तासातच ते जातात. तितकाच वापरलेला तुकडा हवा. त्यासाठी आमच्या भिंतीवर खिळ्यांची एक रांग आहे. मोडीत निघालेल्या ब्लेडांचे हातभर लांब तुकडे तिथे टांगलेले असतात, प्रत्येकावर खडूने रुंदी, जाडी आणि टीपीआय लिहून : २७ × ०.९, ४/६, अर्धं झिजलेलं.